डिसेंबरपर्यंत

सारेंगातने दुसऱ्यांदा सुई खुपसली आणि सलाइनचं पाणी मेनिकच्या पाठीवरून सरळ फरशीवर ओघळलं. मांजर गुरगुरली नाही, पळालीही नाही. ओल्या अंगाने मान खाली घालून बसून राहिली, त्यामुळे त्याला जास्तच अपराधी वाटलं.

"आरपार गेली," साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून त्याची बायको लास्मिनी म्हणाली. जावातल्या रीतीने ती नवऱ्याला 'मास' म्हणायची. "मास, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचला. तंबूसारखी. हां, आता तंबूच्या दारातून आत शिरायचं."

"हात कापतोय माझा."

"दगड कापताना बरा कापत नाही!"

त्याला हसू फुटलं, आणि हसता हसताच सुई नीट बसली. छताच्या आकड्याला पूर्वी पाळलेल्या कवडा पक्ष्याचा पिंजरा असायचा, तिथे आता सलाइनची पिशवी लटकत होती. मेनिकच्या खांद्याशी कातडीखाली पाण्याचा मऊ फुगवटा धरू लागला.

"पिशवी आधी कोमट करून घेतलीत ना? गार पाण्याने हुडहुडी भरते. आमाला डायलिसिसहून आणलं की मी आधी पांघरुणात गुंडाळते."

आमा म्हणजे तैपेईतली म्हातारी. तिची देखभाल करायला लास्मिनी नऊ वर्षांपूर्वी गेली होती, दोन वर्षांसाठी म्हणून. तिच्या पगारातून इंडोनेशियातल्या तुलुंगआगुंगजवळच्या या गावात दुमजली घर उभं राहिलं. वरच्या मजल्यावर अजून कुणी झोपलं नव्हतं. सारेंगात दिवसभर संगमरवराच्या कारखान्यात फरशा कापायचा, घासायचा, संध्याकाळी धुळीने पांढराफटक होऊन घरी यायचा, आणि मेनिक दारातच त्याचे पाय हुंगायची. लास्मिनीने तिला बाजारातून ओढणीत गुंडाळून आणलं तेव्हा ती मुठीएवढी होती. आता ती म्हातारी झाली होती. आणि डिसेंबरात करार संपला की लास्मिनी कायमची परत येणार होती.

दुखणं सुरू झालं ते भुकेपासून. मेनिक दोन दोन वाट्या फस्त करायची, घरभर ओरडत हिंडायची आणि तरीही तिची हाडं वर येत चालली होती. केदिरी शहरातल्या डॉक्टर हेस्तींनी रक्त तपासून थायरॉइड वाढल्याचं सांगितलं. गोळ्यांनी ओरडणं थांबलं, अंगही जरा भरलं. पुढच्या तपासणीत मात्र मूत्रपिंडं थकल्याचं निघालं.

"थायरॉइड वाढलेलं होतं तेव्हा रक्त जोरात धावत होतं. त्यामुळे हे झाकलेलं राहिलं," डॉक्टरबाईंनी समजावलं. "आता गोळी जास्त झाली तर मूत्रपिंडांना झेपणार नाही, बंद केली तर हृदयावर ताण येईल. बेताबेताने न्यायचं. घरी सलाइन द्यायचं आणि पथ्याचं खाणं."

"डिसेंबरपर्यंत तग धरेल ना?"

"मांजर कॅलेंडर बघत नाही, सारेंगात."

तो मात्र रोज बघायचा. पथ्याचं खाणं लास्मिनीने सांगितल्याप्रमाणे कोमट करून बोटावर धरायचा. "आमाही अशीच तोंड फिरवते," ती म्हणायची, "मग मी आधी स्वतः घास खाल्ल्यासारखं करते." एकदा त्यानेही तसं करून पाहिलं. फोनमध्ये लास्मिनी इतकी हसली, की तोंडातल्या त्या घाणेरड्या चवीचंही त्याला काही वाटलं नाही. मेनिकच्या आजारपणात दोघं जेवढं बोलले, तेवढं गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

ऑक्टोबरात मेनिकने अन्नाला तोंड लावणंच सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, "काही दिवस इथे ठेवा. शिरेतून सलाइन देऊन बघू. पण इथे पिंजऱ्यात राहणं तिला आवडणार नाही. नाहीतर घरी न्या, जमेल तेवढं करा."

"ठेवली तर डिसेंबर गाठेल?"

"गाठेलही. नक्की नाही सांगत."

त्याने ठेवली. पंजावर पट्टी बांधून तिला पिंजऱ्यात ठेवलं, तेव्हा ती पाठ फिरवून कोपऱ्यात बसली. त्याने तिला नावाने हाक मारली. तिचा एक कान हलला, तेवढंच.

संध्याकाळी लास्मिनीचा फोन आला. "मेनिक कुठंय? दाखवा ना."

त्याने सांगितलं.

"पिंजऱ्यात? एकटी?"

"टिकायला हवी ना. तू येईपर्यंत."

पलीकडून म्हातारीचा चिरका आवाज आला. लास्मिनीने मान वळवून त्या परक्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. लांबलचक, लाडाचं, शेवटी हसू असलेलं. त्यातलं एक अक्षरही सारेंगातला कळलं नाही. पण तो सूर त्याच्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती त्याच्याशी असंच बोलायची.

ती परत फोनकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"मास, तिला माझ्यासाठी ओढत ठेवू नका."

"म्हणजे?"

"मी कधीची सांगणार होते." तिने ओठ चावला. "आमाला दुसरं कुणीच नाही हो. मुलगा दारातूनच परत जातो. ती आहे तोवर मी इथून कशी निघू..."

"हो," सारेंगात म्हणाला. मग त्याने विचारलं, "तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा सांगून तो मेनिकला घरी आणायला मोटरसायकलवरून केदिरीला गेला.

"दोन दिवस थांबला असतात तर बरं झालं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डिसेंबर म्हणत होतात ना?"

"डिसेंबरचं राहू द्या. आता तिला सोसेल तेवढंच करू."

त्यांनी गोळी कमी करून दिली. मळमळीचं औषध दिलं. म्हणाल्या, पथ्य आता पुरे, तिला आवडेल ते घाला.

घरी त्याने बाजारातला वाफवलेला मासा आणून काटे काढले. मेनिकने तो हुंगला आणि सावकाश, एका बाजूने चावत थोडासा खाल्ला. तिला मांडीवर घेऊन तो उंबरठ्यावर बसून राहिला. अजून दोन आठवडे ती होती. सलाइन नको असलं की ती पाय आखडून घ्यायची, मग तो सुई परत ठेवून द्यायचा. एका संध्याकाळी तो कारखान्यातून आला तेव्हा ती दारात नव्हती. पलंगाखाली सापडली, अजून कोमट.

परसात पपईखाली खड्डा करून त्याने तिला पुरलं, हातपाय धुतले आणि मग फोन लावला.

"गेली," एवढंच तो म्हणाला.

लास्मिनी रडू लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग तोही काढून. त्याला फोन कुठे धरावा तेच कळेना. लास, लास, असं म्हणत राहिला.

तेवढ्यात पडद्याच्या कडेने एक हात आत आला. सुरकुतलेला, सुया टोचून टोचून निळा पडलेला. तो थरथरत होता, तरी नेमका तिच्या गालावर पोचला. अंगठ्याने एक डोळा पुसला, मग दुसरा. लास्मिनीने डोळे मिटून त्या तळव्यावर गाल टेकला.

सारेंगात बघत राहिला. मग फोन जरा जवळ धरून, म्हातारीला समजणार नाही हे माहीत असूनही, त्याने विचारलं, "बरं आहे ना, आमा?"