शिस्तवही

मुख्याध्यापिकेच्या खोलीतली फरशी आजी रोज सकाळी सातला पुसायची. टेबलावर शिस्तवही कायम उघडी पडलेली असे. कोणत्या मुलाने काय आगळीक केली, ते वर्गशिक्षिका तिच्यात लिहीत. सफाईच्या मावशीला कुठे वाचता येतंय, म्हणून नऊ वर्षांत वही मिटून ठेवायचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

पण गेल्या वर्षी याच शाळेत शिकणाऱ्या नातीने आजीला अक्षरे शिकवली होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरी नातीला भिंगरी म्हणत. "आजी, काना खाल्लास! हात पुढे कर," असे दरडावून ती आजीच्या तळहातावर पट्टी टेकवायची.

काल मधल्या सुट्टीत पळताना भिंगरी आणि डॉक्टरांचा गोरा मुलगा एकमेकांवर आदळले, दोघे मिळून खिडकीवर गेले आणि काच फुटली. आज भिंगरीच्या आईला, म्हणजे आजीच्या सुनेला, शाळेत बोलावले होते.

आजीने फडके बादलीत टाकले आणि ओळीखाली बोट धरले.

डॉक्टरांच्या मुलापुढे लिहिले होते : खेळताना तोल गेला. समज दिली.

भिंगरीपुढे : हिंसक वृत्ती. इतरांना धोका. मागच्या वर्गात हलवावे.

मागचा वर्ग म्हणजे मोडक्या बाकांच्या कोठारालगतची खोली. तिथे फळा होता, पण शिक्षक क्वचितच फिरकत. तिथली सगळी मुले आजीच्याच लोकांतली, काळी, कुरळ्या केसांची. त्यांच्या पणज्यांना मजुरीसाठी बोटींतून आणले होते. चार पिढ्या इथेच गेल्या, तरी लोक त्यांना बाहेरचेच म्हणत.

आजीने मागची पाने उलटली. गोरी मुले खोडकर, चुळबुळी. काळी मुले उर्मट, आडदांड, मुळातच रागीट. अक्षर तेच, शाई तीच.  आजीने पाने पुन्हा होती तशी लावली आणि बादली उचलली.

अकरा वाजता सून इस्त्रीच्या दुकानातून तशीच धावत आली. "सही करून टाकते, आई. तुमची नोकरी जायची उगाच."

मुख्याध्यापिकेने वर्ग बदलायच्या संमतीचा कागद पुढे सरकवला. भिंगरीने टेबलावरचे पेन उचलून आईला दिले. बाईंनी ते दोन बोटांत परत घेतले, रुमालाने पुसले आणि मग सुनेपुढे ठेवले.

"मावशी, तुम्ही घरच्याच, म्हणून सांगते. तिकडे तिच्यासारखीच मुलं आहेत. तिलाही बरं वाटेल."

"तिच्यासारखी म्हणजे काच फोडणारी?" आजी म्हणाली. "मग डॉक्टरांचं लेकरू तिकडे कधी बसवताय?"

"त्याचं वेगळं. त्याचा तोल गेला."

"आणि हिची वृत्ती हिंसक? एकाच धक्क्यात? आमच्यात खोडकर पोर जन्माला येतच नाही वाटतं!"

बाईंनी झटकन वही मिटली. "तुम्ही... वाचता?"

"सावकाश वाचते. पण सगळं वाचते."

दारात उभ्या वर्गशिक्षिकेने मान खाली घातली. आजी तिच्याकडे वळली. "ताई, आधी काय घडलं तेवढंच लिहा. नाव झाकून दुसऱ्या बाईंना दाखवा. शिक्षा त्यांना ठरवू द्या. नाव त्यानंतर कळू दे."

सुनेने पेन खाली ठेवले. सही झाली नाही. भिंगरी आपल्या वर्गात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी वही कपाटात गेली आणि कपाटाला नवे कुलूप लागले. शाळेने केलेली सुधारणा ती एवढीच. आतले शब्द जसेच्या तसे होते.

आजीने फरशी पुसली. शाळा सुटल्यावर ती फाटकापाशी थांबली आणि मागच्या वर्गातल्या मुलांच्या आयांना एकेक करून गाठले.

सोमवारी सात जणी मुख्याध्यापिकेच्या दारात उभ्या राहिल्या.

"कपाट उघडा, बाई. आमच्या मुलांबद्दल काय लिहिलंय ते ऐकायचंय."

"आणि तुमच्यातलं वाचणार कोण?" बाईंनी हसून विचारले.

सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या आजीने बादली खाली ठेवली, ओले हात पुसले आणि ती पुढे आली.