वैशाखातलं पाणी

राजुरीचा हौशीराम पाण्याची पारख असलेला माणूस म्हणून आसपासच्या गावांत माहीत होता. ऐन तरुणपणी तो विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर हिंडला होता. पुढं घरची शेती बघायला लागला तरी कुणाच्या नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली कळशी त्याच्यासमोर यायची. तो एक घोट तोंडात घोळवायचा आणि सांगायचा, हे पिण्याजोगं, हे नुसतं पिकाला. तेवढ्यावर लोक निवांत व्हायचे.

त्याला एकच मुलगी, अश्विनी. मुंबईत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. जावई अमृत कॉम्प्युटरचं काम करायचा, आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात आणि बाकीचे घरून. नात श्रेया दुसरीत होती. आज ना उद्या ही तिघं मुंबईला कंटाळतील, या आशेवर हौशीरामनं रस्त्याकडेच्या चार गुंठ्यांत जोतं बांधून ठेवलं होतं. त्याला सहा वर्षं झाली होती. साळुबाई त्यावर कुरडया वाळत घालायची.

दिवाळीत अश्विनी आली आणि म्हणाली, आम्ही मुंबई सोडायचं ठरवलंय. हौशीरामच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पण पुढचं वाक्य रेवदंड्याचं होतं. तिकडं समुद्राकाठी, नारळी-पोफळीच्या वाडीत एक जुनं कौलारू घर त्यांनी बघितलं होतं. अलिबागच्या एका लॅबमध्ये तिला काम मिळत होतं, आणि अमृतला मांडव्याहून बोटीनं तासाभरात मुंबई गाठता येणार होती.

हौशीरामनं एकदाच विचारलं, "मग हितं का न्हाई?"

तिनं नीट समजावून सांगितलं. माळशेज उतरून आठवड्यातून दोनदा मुंबईला जाणं अमृतला झेपणार नव्हतं. शिवाय गेल्या सुट्टीत घरामागच्या उसात बिबट्याची पावलं उमटली होती, आणि श्रेयाला महिनाभर पाच वाजल्यापासून दार लावून घरात बसवावं लागलं होतं. "मला काम पण पाहिजे आणि अंगण पण, आण्णा," ती म्हणाली. मग वडिलांना म्हणाली, की घर बाकी पसंत आहे, फक्त विहिरीचं पाणी तुम्ही चाखून सांगा. तुम्ही हो म्हणालात की आम्ही घेतो.

मार्गशीर्षात हौशीराम मुंबईला गेला आणि तिथून त्यांच्याबरोबर बोटीत बसला. साळुबाई गाईसाठी मागं राहिली. एवढं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं, आणि त्यातला एक घोटसुद्धा पिण्यासारखा नाही, याचंच त्याला नवल वाटत राहिलं. अश्विनी कठड्याला धरून उभी होती. वाऱ्यानं तिचे केस विस्कटत होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती. लग्नानंतर तिला असं मोकळं त्यानं कधी बघितलं नव्हतं. ते त्याला आवडलंही आणि कुठंतरी लागलंही.

घराची किल्ली शेजारच्या वाडीतल्या प्रयागबाईंकडं होती. त्यांनी दार उघडून दिलं, ओसरी झाडून ठेवली होती ती दाखवली, मागच्या विहिरीवर नेलं. चिऱ्यांनी बांधलेली विहीर, आतल्या फटींतून नेचे फुटलेले. भोवती तीसेक वर्षांच्या पोफळी उभ्या होत्या. मचूळ पाण्यावर पोफळी इतकी वर्षं तगत नाहीत, त्या बघूनच हौशीरामला कळायचं ते कळलं. तरी त्यानं पोहरा सोडला, ओंजळीनं पाणी घेतलं, तोंडात घोळवलं. राजुरीतल्या त्याच्या स्वतःच्या विहिरीपेक्षा ते गोड होतं.

प्रयागबाई म्हणाल्या, की हे पाणी बारमाही असंच असतं. अश्विनीनं त्यांच्याकडं बघितलं नाही, वडिलांकडं बघितलं.

हौशीरामनं तोंड पुसलं. "आत्ता गोड लागतंय," तो म्हणाला. "पर दर्या लई जवळ हाय. वैशाखात मचूळ हुणार."

प्रयागबाईंनी पोहरा उचलून कट्ट्यावर उपडा ठेवला. अश्विनी थोडा वेळ विहिरीत बघत राहिली, मग बरं म्हणाली. परतीच्या बोटीत ती आतल्या बाकावर बसून होती. तिनं वाद घातला असता तर हौशीरामला बरं वाटलं असतं.

गावी आल्यावर तो रोज फोनची वाट बघू लागला. फोन यायचे, पण राजुरीचं नाव निघायचं नाही. त्यांनी आणखी दोन ठिकाणं बघितली, ती जमली नाहीत. होळीच्या सुमाराला अश्विनी म्हणाली, की आता पनवेलच्या पुढं सातव्या मजल्यावर फ्लॅट बघितलाय, नळाला पाणी आहे, तुम्हाला परत त्रास द्यायला नको. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. राग धरलेला नव्हता. नुसती एक गोष्ट मनातून काढून टाकल्यासारखा आवाज होता तो, आणि हौशीरामला तो दिवसभर ऐकू येत राहिला.

त्या हिवाळ्या-उन्हाळ्यात शेजारच्या संपतनं दोनदा निरोप धाडला, विहीर खोल केलीय, पाणी बघून जा. हौशीराम गेला नाही. एकदा पाय दुखतोय म्हणाला, एकदा वेळ नाही म्हणाला.

साळुबाई हे सगळं बघत होती. कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला, त्या दुपारी ती त्याच्याजवळ येऊन बसली. "त्या घरचं पानी खरंच मचूळ हुतंय का?"

त्यानं अंगावरची कांद्याची टरफलं झटकली.

"तिनं तुमच्या जिभंवर घर सोडलं," साळुबाई म्हणाली. "आता वैशाखच चालू हाय. जाऊन या. मी बी येते, गाईचं संपतची बायको बघंल."

दुसऱ्या दिवशी दोघं आळेफाट्याहून कल्याणच्या गाडीत बसली. कल्याण, पनवेल, अलिबाग असं करत रेवदंड्याला पोचेपर्यंत चार वाजले. प्रयागबाईंनी त्याला ओळखलं. हौशीरामनं हात जोडले आणि सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोललो, तुमच्या तोंडावर बोललो, चुकलं माझं. त्यांनी त्याच्याकडं, मग साळुबाईकडं बघितलं. आधी पाणी प्या, म्हणाल्या, आणि स्वतःच पोहरा सोडला.

वैशाखातलं पाणी मार्गशीर्षातल्यासारखंच गोड होतं. घर अजून कुणी घेतलेलं नव्हतं.

त्यानं तिथूनच फोन लावला. "अश्विनी, मी रेवदंड्याच्या विहिरीवर हाय. पानी गोड हाय. तवा बी गोडच व्हतं, मला ठावं व्हतं." त्यानं पोहरा कट्ट्यावर ठेवला. "तू लांब जाशील म्हणून बोललो," एवढंच तो म्हणाला.

पलीकडून अश्विनीनं विचारलं, "आई आलीय का बरोबर?"

"आलीय."

"तिला समुद्र दाखवलात?"

"न्हाई अजून."

"दाखवा आधी," ती म्हणाली. "मी अमृतशी बोलते."

साळुबाई पुळणीवर चपला हातात घेऊन उभी राहिली. लाट पायाखालून वाळू ओढून न्यायला लागली तशी तिनं नवऱ्याचा दंड घट्ट पकडला. चारचौघांत तिनं त्याला असं कधी धरलं नव्हतं. अंधार पडायला लागला तरी ती निघायला तयार होईना.

फ्लॅटची बोलणी पुरी झालेली नव्हती. अमृतनं ती मोडली, आणि पावसाळा सरता सरता रेवदंड्याचं घर त्यांचं झालं. वास्तुशांतीला हौशीराम आणि साळुबाई आठ दिवस राहिली. श्रेया सकाळी उठून अनवाणीच वाडीत पळायची, संध्याकाळी दिवेलागणीनंतरही अंगणात खेळायची, आणि तिला कुणी आत ओढत नव्हतं. अश्विनी पाच वाजता अलिबागहून यायची आणि ओसरीवर टेकून बसायची, काही न करता. वडिलांच्या खोटेपणाचा विषय तिनं परत काढला नाही. शेवटच्या दिवशी मात्र म्हणाली, "तुम्ही दोघं इथंच राहा ना, आण्णा."

त्यानं कांद्याच्या रोपाचं कारण सांगितलं. खरं तर त्याला तिथं आठव्या दिवशीच राजुरीची आठवण यायला लागली होती, आणि राजुरीत गेल्यावर लेकीची येणार, हेही त्याला ठाऊक होतं.

गाडी माळशेज चढू लागली. साळुबाईच्या मांडीवर प्रयागबाईंनी दिलेली सुपारीची पुरचुंडी होती.

"ती आता हिकडं येत न्हाई," हौशीराम म्हणाला.

"न्हाईच येणार," साळुबाई म्हणाली. "पर पोरगी हसती कशी, बघितलंत का?"

बघितलं की, तो म्हणाला, आणि ओतूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.