दाराबाहेरची जागा

आज दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. माझ्या दोन वर्षांच्या गार्गीचा निमोनिया उतरला होता आणि मी पिशवी भरून बसले होते. माझा नवरा अमोल ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला, त्यामुळे न्यायला कोणी येणार नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या पोराभोवती आजी, मावशी, आत्या अशी वरातच होती. तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि सारखी तिकडेच बघत होते.

अस्मिता सिस्टर कागद घेऊन आली. "गोवराचा दुसरा डोस काहून नाही झाला, ताई?"

काय सांगणार? बाळंतपण माहेरी, नरखेडकडच्या गावात झालं. लसीचे पुढचे टीकेही तिथेच, आईचा हट्ट. मग आई गेली आणि माझं जाणंच संपलं. गावच्या आशाताईला वाटलं, पोरगी नागपूरला घेत असेल. इकडे आमच्या सक्करदऱ्याच्या आशाताईला मी केव्हाच सांगून ठेवलं होतं, आमचं माहेरी होते म्हणून. दोघींच्या मध्ये गार्गी राहून गेली.

"पुढच्या महिन्यात घेते," मी म्हटलं.

"मग ते राहूनच जाते. आता गोवर झाला तर झेपणार नाही तिले. डॉक्टर हो म्हणाले. खाली लसीकरण सुरू आहे, घेऊनच घरी जा."

"मले पाहवत नाही, सिस्टर. माही आईच मांडीवर घेत होती. मी दाराबाहेर उभी राहत होती."

"आज कोण आहे?" तिनं साधंच विचारलं, पण लागायचं ते लागलं.

खाली स्टुलावर बसून मी गार्गीला मांडीवर घेतलं, पाय गुडघ्यांत दाबले, एक दंड मोकळा ठेवला. आई असंच धरायची. सुई गेली तशी गार्गी किंचाळली, आणि चिडून मला ढकलत तिनं दोन्ही हात दाराकडे पसरले.

टोचून झालं की आजीवर तिचा असाच राग निघायचा. मग मी आत येऊन तिला उचलून घ्यायचे. आई हसून म्हणायची, "वाईटपणा माह्याकडं, लाड तुह्याकडं."

दारात कोणी नव्हतं. मला रडू आलं. मी उठले, तिला घेऊन दाराबाहेर गेले आणि पूर्वीसारखी उभी राहिले. "आली वं, आली," मी म्हटलं. गार्गी माझ्या मानेत तोंड खुपसून हळूहळू गप्प झाली.

मी वळून आत पाहिलं. स्टूल रिकामं होतं.