आर्लिसबाईंचं स्वतंत्र दार

एका घरात किती माणसं राहतात, हा प्रश्न ज्यांना सोपा वाटतो त्यांनी एकदा माझ्याबरोबर अमेरिकेतल्या डुलुथ गावात दारोदार फिरावं. कुटुंब-पाहणीच्या कामात माझी हयात गेली. एकट्या म्हाताऱ्यांची घरं वाढली की वर्तमानपत्रं गळा काढतात. मी सांगते, त्यातल्या कितीतरी जणी मजेत असतात. लेकीसुनांकडे राहणाऱ्याही वाढल्या आहेत, आणि त्या सगळ्या सुखात असतात असं मुळीच नाही.

जोलीन टोलेफसनने मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि झटक्यात सांगितलं, "पाच. मी, नवरा, दोन पोरं आणि आई."

"चार!" मागच्या खोलीतून आवाज आला. "मी माझ्या घरी एकटी राहते."

पाठोपाठ आर्लिसबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी. जुन्या गॅरेजची खोली करून त्या तिथे राहत होत्या. शेगडी वेगळी, फ्रिज वेगळा.

"एकटी कशी गं?" जोलीन कळवळली. "तुझं हाड मोडलं तेव्हा मीच आणलं ना तुला? एकटी लिहायचं म्हणजे मी तुला टाकलं असंच झालं."

"टाकलंस कुठे? शेजारीण आहेस माझी. चांगली आहेस, जरा नाक खुपसतेस एवढंच."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला निवाडा करायला आवडतो, खोटं कशाला बोलू! आमचा नियम सरळ आहे. वेगळं घर मोजायचं तर संसार वेगळा हवा, आणि दुसऱ्याच्या घरातून न जाता बाहेर पडता येईल असं दार हवं.

"दार आहे," आर्लिसबाई म्हणाल्या.

"होतं," जोलीन म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. थंडी अडवायला दारावर प्लास्टिक ताणून चिकटवलं होतं. तसं ते इथे सगळेच खिडक्यांना लावतात, पण आता मे उजाडला होता. शिवाय दाराला कुलूप होतं.

"इथे आल्यावर पुन्हा बाहेरच्या पायरीवरच पडली ती," जोलीन पुटपुटली. किल्ली तिच्याच खिशात होती.

"मग नियमाने तुम्ही पाचव्या, आर्लिसबाई," मी म्हटलं. मला ते म्हणवत नव्हतं.

त्यांचा चेहरा उतरला. "नवरा गेला, घर विकलं, गाडी सोडली. कुरकुर केली का मी? पण माझ्या दाराची मालकीण मीच राहणार, जोलीन. आण ती किल्ली."

जोलीन दारापाशी गेली. मग तिने स्वतःच ते प्लास्टिक टराटरा ओढून काढलं आणि किल्ली आईच्या हातावर ठेवली. "काठी तरी घे."

"घेते की. म्हातारी झालेय, मूर्ख नाही."

त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. जोलीनने टेबलाची कड घट्ट धरली, पण मागे धावली नाही. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला. थोड्या वेळाने पुढच्या दाराची बेल वाजली.

जोलीनने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "बेल कसली वाजवतेस, आई? तुझंच घर आहे हे."

"नाही गं, तुझं आहे," आर्लिसबाई म्हणाल्या. "म्हणून तर वाजवली."