वाटी उजवीकडे कलली

"टोक पलीकडे कर, गुळगुळीत बाजू खाली ठेव, आणि हात काढ. वाटी ज्या पायाची असेल त्या अंगाला कलते बघ. हाडाला विचारावं, पोरी."

सासरे जाऊन वीस वर्षं झाली, तरी हा आवाज हाडमावशीच्या कानात मुरून राहिला होता. वैद्यकीय कॉलेजातली हाडांची खोली आधी त्यांनी सांभाळली, मग तिने. हाडमावशी हे नाव पोरांनी ठेवलेलं.

आज तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हाडांच्या पेटीत हात घातला आणि तळाच्या फडक्याखालून गुडघ्याची वाटी काढली. दारात उभ्या मावशीने ती लगेच ओळखली. तीच एक वाटी ती दरवर्षी तळाशी दडवायची.

"काम काय हिचं?" त्यांनी समोरच्या मुलीला विचारलं.

"मांडीच्या स्नायूला जोर देते, सर." मुलीची ही दुसरी खेप, आज गेली तर वर्ष गेलं. "दोराला कप्पी असते ना, तशी. नसली तरी पाय सरळ होईल, पण जिना चढताना जीव निघेल."

"कुठल्या पायाची?"

मुलीने वाटी टेबलावर ठेवली, टोक पलीकडे केलं, हात काढला. वाटी अलगद उजवीकडे कलली.

"उजव्या."

परीक्षकांनी ती उलटून दाखवली. आत काळ्या शाईत बारीक 'डा' होता, डाव्याचा. "लिहिलेलंही वाचता येत नाही?"

"वाचलं, सर. पण ती उजवीकडे कलते."

"म्हणजे कॉलेज चुकलं, आणि तू बरोबर?"

"कॉलेजचं माहीत नाही. वाटी बरोबर आहे."

"टेबल तिरकं असेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"टेबल सरळ आहे, साहेब," मावशी दारातून म्हणाली.

"मावशी, तुम्ही पाण्याचं बघा."

"पाणी केव्हाच भरलंय." ती आत आली, वाटी उचलली, खाली बसली आणि फरशीवर ठेवली. वाटी उजवीकडे कलली. मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. तिथेही तेच. "आता फरशी तिरकी म्हणा, खिडकी तिरकी म्हणा. सगळी इमारतच कलली म्हणा."

मागे रांगेत थांबलेल्या पोरांत कोणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांचा चेहरा उतरला, मग तापला.

"मग हे अक्षर काय आभाळातून पडलं? कोणी लिहिलं?"

निवृत्तीला चार महिने उरले होते. मान खाली घातली असती तर जुन्या माणसांवर ढकलून सगळं निभावलं असतं. गेलेली माणसं काही बोलायला येत नाहीत. मुलगी तिच्याकडे पाहत होती, पण काही मागत नव्हती.

मावशीने पदर खोचला.

"मी लिहिलं. नवी होते, एका दुपारी आठ पेट्या उरकल्या. त्याच वर्षी एक मुलगी याच अक्षरावर नापास झाली, साहेब. तिनेही उजवीच सांगितली होती. मी या दारातच उभी होते, आणि गप्प राहिले."