हात न उगारणारं घर

घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचं काम चालतं. त्या सकाळीही चाललं होतं. वडील शिकंज्याचा स्क्रू पिळत होते, थोरला पुठ्ठा कापत होता, आई घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवत होती आणि धाकटी खळ ढवळत होती.

"खळ पातळ झालीय," वडील म्हणाले.

म्हणाले मांजराला. मांजर खिडकीत मिशा पुसत होतं. खळ ढवळणारी हातभर अंतरावर होती.

अबोल्याचा पाचवा दिवस.

हे या घराचं वळण, आजोबांपासूनचं. जो चुकेल त्याच्याशी सगळ्यांनी बोलणं बंद करायचं, वठणीवर येईपर्यंत. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. निरोप असेल तर भिंतीला सांगायचा. थोरल्याने दहावीत सहा दिवस काढले होते. आईने लग्नाच्या पहिल्या वर्षी सतरा. का, ते तिला आता आठवत नव्हतं. सतरा मात्र आठवत होते.

धाकटी चोवीस वर्षांची. घरातलं तिचं नाव 'नाटकमंडळी', कारण सगळ्या भूमिका एकटीच करते. रविवारी तिच्या मैत्रिणीने येणं पुढे ढकललं. सकाळी ती मैत्रीण देवमाणूस होती, दुपारी सापाची जात. संध्याकाळपर्यंत ग्रंथालयाच्या शिवून ठेवलेल्या नऊ वह्या फाडून झाल्या होत्या, मनगटावर ओरखडे उमटले होते, आणि ही आईच्या पायांना मिठी मारून म्हणत होती, "तू तरी जाऊ नकोस."

आई नुसती स्वयंपाकघरात चालली होती.

"मंडळी रंगात आली," वडील म्हणाले, आणि सगळ्यांकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

सोमवारी ती ओरडली. मंगळवारी ताटं आपटली. बुधवारी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "मी दिसते ना तुम्हाला?" थोरला तिच्या बाजूने अंग चोरून गेला.

गुरुवारी गप्प.

"औषध लागू पडलं," वडील संध्याकाळी आईला म्हणाले.

आईच्या हातातली सुई अडली. कारण त्याच गुरुवारी दुपारी, दोऱ्याची रिळं आणते असं सांगून, ती भलतीकडेच, एका दवाखान्यात, गेली होती. धाकटी दोन महिने ज्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे जायची, त्यांचा फोन आला होता. धाकटी या आठवड्यात त्यांच्याकडे आली नव्हती. "काही बिनसलं तर आईला सांगा, म्हणून तिनेच तुमचा नंबर देऊन ठेवलाय," बाई म्हणाल्या होत्या.

"घरी भांडण झालं की काय करता?" बाईंनी विचारलं.

"हात नाही उगारत कोणी," आई ताठ मानेने म्हणाली. "चांगलं घर आहे आमचं. नुसतं बोलणं बंद करतो."

"किती दिवस?"

"समजेपर्यंत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दुसऱ्या खोलीत जाता तेव्हा तुमच्या लेखी दुसऱ्या खोलीत जाता. तिच्या लेखी, जाता. कायमच्या. याला भावनिक अस्थिरतेचा व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. आणि तुम्ही घरभर माणसं तिच्यासाठी मेल्यासारखी वागताय."

"आम्ही तिघंच आहोत," आई पुटपुटली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्यामुळे झालं?"

"एकट्या घरामुळे होत नाही. काही माणसं जन्मतःच हळवी असतात. त्यात घराने त्यांचं रडणं खोटं ठरवलं, की ती आणखी मोठ्याने रडतात. दोष वाटायला मी बसलेली नाही."

"मग नाटक नाही ते?"

"नाटकवाल्याला पडदा पाडता येतो. तिला येत नाही. तेच शिकवतेय मी. दर आठवड्याला बोलायचं, भावनेची लाट आली की काय करायचं ते घटवायचं. गोळ्या थोड्या मदतीला. वर्ष लागेल, जास्तही लागेल. पण सुधारतात माणसं, पुष्कळ सुधारतात."

"आता गप्प झालीय," आई म्हणाली. चांगली बातमी सांगावी तशी.

"त्याचीच मला भीती आहे. काय आवरते, काय देऊन टाकते, बघा. आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. आजच विचारा."

आईने विचारलं नाही. सतरा दिवसांची भीती पस्तीस वर्षं टिकते.

शुक्रवारी, त्या पाचव्या सकाळी, धाकटीने खळीचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले. कागद घडी करायची तिची हाडाची पट्टी, जिला कोणी बोट लावलं तरी ती घर डोक्यावर घ्यायची, ती तिने थोरल्याच्या पुढ्यात ठेवली आणि आत गेली.

"बघ, हट्ट सुटला," वडील म्हणाले.

आई उठली.

"बस. मधे बोललीस तर तुझ्याशीही कोणी बोलणार नाही."

"नका बोलू."

आत धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. आईने दार लोटलं आणि पाच दिवसांतला पहिला शब्द काढला. "जीव द्यावासा वाटतोय का तुला?"

धाकटीचा बांध फुटला. आत्ता आठवण झाली? पाच दिवस काय डोळे फुटले होते? मेले असते म्हणजे बोलला असतात, चार लोकांत. चालती हो इथून. घड्या केलेले कपडे एकेक अंगावर आले. आईने अंगावर पडलेले कपडे उचलून बाजूला ठेवले.

"पाणी आणायला जाते. तांब्या भरून परत येणार आहे."

गेली. परत आली.

धाकटीने एका घोटात अर्धा तांब्या संपवला. "हो," ती म्हणाली. "वाटतोय. कालपासून."

"बाईंकडे जाऊ. आत्ता. चपला घाल."

दोघी पुढच्या खोलीतून जाताना वडील थोरल्याला म्हणाले, "विचार तिला, काम कोण करणार?"

थोरल्याने हाडाची पट्टी उलटसुलट केली. "तुम्हीच विचारा ना, बाबा."

वडिलांनी स्क्रू पिळला. तो आधीच घट्ट होता.

"पुढच्या आठवड्यात बाईंनी घरच्यांना बोलावलंय," आई त्यांच्याकडे बघून म्हणाली. "तुम्ही यायचंय. आज उत्तर दिलं नाहीत तर उद्या परत विचारीन."

रस्त्यावर धाकटी दोन पावलं पुढे चालत होती आणि सारखी मागे वळून बघत होती. कोपऱ्यापर्यंत चार वेळा वळली. चारही वेळा आई मोठ्याने म्हणाली, "येतेय."

लोक थांबून बघत होते. बघू देत.