पानांची मोजणी

बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकवीस वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि तितकीच वर्षं वस्तीमागच्या तळ्यावर बेडकांची अंडी मोजली. हा बेडूक साधासुधा नव्हे बरं! मादी पाण्यावर झुकलेल्या पानाला अंडी चिकटवते, आठ-दहा दिवसांनी पिल्लं टपाटप खाली पाण्यात पडतात. अंड्यांची पानं मोजायची आणि आकडा जलखात्याला कळवायचा. तो विसाच्या खाली गेला की चढावरच्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याचे, जमिनीतलं पाणी उपसणारे पंप बंद, असा नियम होता. खात्याचे उंबरे झिजवून बाईंनीच तो करून घेतला होता.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि मोजणीला नवरा सोबत यायला लागला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. नळजोडणीचं काम, हात कुशल, तोंड गरीब. तळं दरवर्षी आक्रसत चाललं होतं, पण आकडा काही हलेना. एक्केचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. बाई कौतुकानं म्हणायच्या, "चिवट आहेत हो माझी पोरं." मिस्त्री नुसती मान हलवायचा. मेल्याला तेव्हा काय वाटत असेल कोण जाणे!

यंदा मोजताना एक पान कोमेजलेलं दिसलं. बाईंनी ते हलकेच उलटं केलं. देठ तुटका होता आणि पांढरी पट्टी गुंडाळून फांदीला बांधलेला होता. नळ गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ना, तीच. शेजारच्या पानालाही तीच. अडतीस पानांपैकी एकतीस अशी बांधलेली निघाली आणि त्यांतल्या निम्म्यांखाली पाणीच नव्हतं, नुसता चिखल होता.

"अहो, हे काय आहे?"

मिस्त्रीनं आधी पट्टीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"डॉक्टर म्हणाले होते, तुला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. त्या वर्षी मी मोजणीच्या आदल्या दिवशी येऊन पाहिलं. नऊच पानं होती गं."

बाईंनी ते पान पट्टीसकट फांदीवरून सोडवलं.

"नऊ म्हणजे पंप बंद झाले असते."

"हो."

"तीन वर्षांपूर्वीच."

पंपांचा विचार त्या बाबाच्या डोक्यात आलाच नव्हता. त्याला फक्त बायको दिसत होती. आता यावर भांडायचं तरी काय? परक्यानं फसवलं तर चार शिव्या हासडून माणूस मोकळा होतो. इथे चौतीस वर्षांच्या सोबत्यानं केसानं गळा कापला होता, तोही मायेपोटी. बाईंना त्याची दया आली नाही. भयंकर राग आला. आपल्याच तोंडून त्यानं तीन वर्षं खोटं वदवलं होतं, आणि आपण ते छाती काढून सांगत फिरलो होतो.

दुपारी दोघं जलखात्यात गेली. बाईंनी पट्टी बांधलेलं पान टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. मिस्त्रीनंही खाली मान घालून हो म्हटलं. खात्याच्या साहेबांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, तुमच्या आकड्याखाली मी डोळे मिटून सही करायचो," ते म्हणाले. "आता कुठला खरा मानू? कारखानेवाले तर एकवीस वर्षांचे सगळेच खोटे म्हणतील. नवी मोजणी आमची माणसं करतील. तीन वर्षांचे आकडे हातात आले की मग पंपांचं बघू."

"तोवर तळं राहील का?"

साहेबांनी पान पुरावा म्हणून ठेवून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर मिस्त्री बाईंचा हात धरायला गेला. त्यांनी तो सोडवून घेतला. सकाळपासून विचारायचं राहिलेलं त्यांनी आता विचारलं.

"पानं आणलीत कुठून?"

"खडकामागच्या डबक्यातून."

ते डबकं बाईंनी खात्यालासुद्धा कळवलं नव्हतं. उद्या तळं आटलंच, तर या बेडकांचं बी तिथं उरेल, असा त्यांचा हिशोब होता. जगात एकाच माणसाला त्यांनी ते हाताला धरून नेऊन दाखवलं होतं.

"तिथं किती शिल्लक ठेवलीत?"

मिस्त्री पायऱ्यांकडे बघत म्हणाला, "यंदा होती तेवढी सगळी आणली. तरी चाळीस भरली नाहीत."